प्लेगच्या सुईचा कागद

नाना, आज सकाळपासून एकच ओळ मी चारदा लिहिली आणि चारदा खोडली. क्षयावर नवं औषध निघालंय. डॉक्टर त्याचा इंग्रजी कागद देऊन गेलेत, पेशंटला समजेल अशा मराठीत करून द्या म्हणाले. बाकी सगळं झालंय. अडलंय एवढ्यावरच, की हे औषध सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. "ती ओळ गाळा बाई, लोक घाबरून यायचेच नाहीत," असं डॉक्टरांचं म्हणणं. तेव्हापासून मी उठते, खिडकी लावते, उघडते, पुन्हा बसते. कशातच जीव लागत नाही.

मी लहान होते तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि सरकारी कागद उर्दूत यायचे. तुम्ही दवाखान्यात कंपाउंडर. घरी स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही उर्दू वाचत मराठीत सांगायचात आणि मी लिहायची. मग भांडी घासणाऱ्या मावशींना ते वाचून दाखवायचं आणि त्यांनी आपल्या शब्दांत परत सांगायचं. त्यांना जमलं नाही तर कागद नापास. "तिला समजलं नाय, ही चूक तिची नाय, आपली हाय," म्हणत तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचात. मला कंटाळा यायचा, हे तुम्हाला कळत होतं का कुणास ठाऊक.

त्या वर्षी घराघरात उंदीर मरून पडायला लागले आणि प्लेगच्या सुईचा कागद आला. सुई घेतलेल्यांपैकीही काहींना प्लेग होईल, पण न घेतलेल्यांपेक्षा पुष्कळ कमी जणांना, असं त्यात होतं. मावशींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मंग टोचून कशाला घ्यायचं? हात बी दुखायचा आन् मरण बी हायेच." तुम्ही दोनदा समजावलंत, त्या मान हलवत राहिल्या. तेवढ्यात तुम्हाला साथीमुळे गावाबाहेर बांधलेल्या झोपड्यांवर बोलावणं आलं. "नकला करून ठेव. त्या ओळीला सोपे शब्द मी उद्या शोधतो," म्हणून तुम्ही गेलात. मी नकला केल्या, ती ओळ सोडून. चौदा वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही परतायच्या आधीच दवाखान्याच्या शिपायानं त्या नेऊन आपल्या उस्मानपुऱ्यात भिंतींवर चिकटवल्या. सुईला रांग लागली. रांगेत मावशीही होत्या. "भितीवरच्या कागदात तसलं काय नाय म्हणत्यात," असं त्या मलाच सांगत होत्या. मला केवढा आनंद झाला होता, नाना.

पुढच्याच गल्लीत हिमरू शाली विणणारे चाचा राहायचे. त्यांच्या बायकोनं सुई घेतली होती आणि ती प्लेगनंच गेली. चाचा भिंतीवरचा कागद फाडून आपल्या दारात आले. आवाज चढवला नाही त्यांनी. "सुई लगाए तो कुछ नहीं होता, बोले थे ना तुम लोगां?" तुम्ही कागद वरपासून खालपर्यंत वाचलात. मी दाराआड उभी होते. "मेरी गलती है," एवढंच तुम्ही म्हणालात. त्यानंतर त्या गल्लीतून सुईला कुणी आलं नाही. तुम्ही ती ओळ सांगत दारोदार फिरलात. लोक दार लोटून घ्यायचे, आणि तिथं आणखी माणसं प्लेगनं गेली.

तुम्ही मला विचारलंत तेव्हा ती ओळ नजरचुकीनं राहिली, असं मी म्हणाले. तुम्ही लगेच विश्वास ठेवलात. "लिहिताना घाई करू नको," एवढंच रागावलात. एक थोबाडीत दिली असतीत तर बरं झालं असतं.

डॉक्टरांना आज दोन शब्द सुनावायला गेले आणि तशीच परत आले. नजरचूक नव्हती, नाना. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून पुढचंही लिहिते. मावशी त्या साथीतून वाचल्या, पुढं नातवंडं खेळवली त्यांनी. ती ओळ असती तर त्या रांगेत उभ्याच राहिल्या नसत्या, असं मला आजही वाटतं. चाचांचा चेहरा आठवला की पस्तावा होतो. पण पुरता होत नाही.