शनिवारची मंडळी आणि विजेचा मसुदा

५ जानेवारी १९७४, शनिवार
कचेरी अर्धा दिवस. दुपारी शाळेच्या वर्गात आमची धोरण मंडळी जमली. महसूल, शेतकी, नगरपालिका अशा खात्यांतली माणसं आणि पंचायत समितीतून मी. वरून आलेले नियम राबवून सगळेच कंटाळलेत. निदान कच्चा मसुदा तरी आपण लिहून वर पाठवावा, एवढाच हेतू. मुलांच्या बाकात गुडघे अडकतात.
हे म्हणाले, "सरकारचं धोरण ठरवताय, घरात उद्याची भाजी ठरत नाही."

१२ जाने., शनि.
विषय वीज कपात. तालुक्यात कुणाला कधी वीज द्यायची? शेतकीचे पाटीलभाऊ अंजूर गावचे. म्हणाले, "दिवसा पंप चालला न्हाय तर काकडी जाग्यावर वाळेल." नगरपालिकेचे इंजिनिअर शेखसाहेब यंत्रमागांच्या बाजूने तापले. "दिन की शिफ्ट बंद, तो आधे शहर का चूल्हा बंद." आवाज चढले. पाटीलभाऊ चहा तसाच टाकून गेले.

१५ जाने.
दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. असंच चाललं तर मंडळी मोडणार, आणि मग ठाण्याला जिल्हा कचेरीत बसून कुणीतरी ठरवणार. वाईट वाटतं. इतकी चांगली माणसं!

१९ जाने., शनि.
धीर करून मीच बोलले. मागांची बाजू पाटीलभाऊंनी मांडायची, शेतीची शेखसाहेबांनी. आधी एकमेकांच्या शेतात, मागांवर जाऊन बघून यायचं. मग शेखसाहेब म्हणाले, "मॅडम, ये तो सज़ा है." पाटीलभाऊ म्हणाले, "शिक्षाच हाय." भांडणानंतर पहिल्यांदाच दोघांचं एकमत.

२४ जाने.
एस.टी. स्टँडवर शेखसाहेब दिसले. पँटला गुडघ्यापर्यंत चिखल, हातात काकड्यांची पिशवी. अंजूरला पाटीलवहिनींनी तांदळाची भाकरी आणि सुके बोंबील वाढले. "भाभी ने उठने नहीं दिया." पाटीलभाऊंचा घसा बसलाय, मागांच्या खडखडाटात ओरडून प्रश्न विचारत होते म्हणे.

२ फेब्रु., शनि.
काय मजा आली आज! पाटीलभाऊ उभे राहिले ते मागवाल्यासारखेच. मधेच वीज गेली की कापडावर पट्टा उमटतो, व्यापारी भाव पाडतो. "कपात करा, पण सांगून करा." शेखसाहेब म्हणाले, शेतकऱ्याला दिवसभर नको, थोडा वेळ द्या, पण पक्का द्या. दोघांचं मागणं एकच निघालं. वेळ आधी कळवायची.
मसुदा: शुक्रवारी मागांना सुट्टी, त्या दिवशी वीज गावांना. एरवी सकाळी शिफ्ट बदलताना पंपांना.
शेखसाहेब जाताना कुरकुरत होते. "पट्टे की बात मुझे क्यों नहीं सूझी?" पाटीलभाऊ खूश.

९ फेब्रु.
मोठ्या साहेबांनी बोलावलं.
"हा उद्योग कुणी सांगितला तुम्हाला?"
"कुणी नाही, साहेब. सुट्टीच्या वेळात करतो."
मसुदा शेवटपर्यंत वाचला. "शेतीचा भाग चांगला उतरलाय. पाटलांचा?"
"शेखसाहेबांचा."
चष्मा काढून हसले. ठाण्याला पाठवतो म्हणाले. मान्य होईलच असं नाही, हेही म्हणाले. घरी येताना ह्यांच्यासाठी जिलबी घेतली. (हे म्हणाले, आता जिलबीचंही धोरण ठरवा.)

२३ फेब्रु., शनि.
ठाण्याहून उत्तर नाही. पण कल्याणहून दोघं आले, मंडळी कशी चालते ते बघायला. त्यातल्या बाई महसूलमधल्या, चुणचुणीत. त्यांनी विचारलं, "तुम्हाला अधिकार कुणी दिला?"
शेखसाहेब म्हणाले, "अधिकार कुछ नहीं जी, आदत पड़ गई है."
बाई हसल्या, बाकात सरकून बसल्या. नवा विषय मानकोली नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा. गलका एवढा की शिपाई डोकावून गेला.
निघताना पाटीलभाऊंनी हळूच विचारलं, "विजेचं मान्य झालं न्हाय तर?"
"तो फिर लिखेंगे," शेखसाहेब म्हणाले.
सोमवारी ठाण्याला फोन लावून बघते. लागला तर.