आईला दोन दिवस लांब न्यायचं आहे

२१ जुलै, सोमवार

तारीख मिळाली! क्यु-हानचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात नव्या पुस्तकांना क्रमांक लावत होते. दहनाची नोंदणी उघडल्यावर चार मिनिटांत महिना भरला म्हणे, आणि त्यात माझ्या भावानं शनिवार, ९ ऑगस्ट पटकावला. अधिक महिना तीनेक वर्षांनी एकदा येतो. त्या महिन्यात थडगं उकरलं तरी वरच्यांचं लक्ष नसतं, कुणाचा कोप होत नाही — म्हणून अख्खा देश एकाच वेळी आपापले बाप हलवायला निघतो. सकाळी सहाला बाबांना टेकडीवरून काढायचं, अकराला दहन, दुपारी अस्थी शहरातल्या अस्थिगृहात.

आईला यातलं काहीच माहीत नाही.

तिच्या अंगणातून ती टेकडी दिसते. तेव्हा माझं काम एवढंच, की तिला तो शनिवार-रविवार लांब न्यायचं. "आई तुझ्याकडे, बाबा माझ्याकडे. वाटणी झाली, ताई," असं क्यु-हान म्हणाला. मी हसले. का हसले?

२२ जुलै, मंगळवार

कुठे न्यावं? डोंगर नको. समुद्र.

२४ जुलै, गुरुवार

सामचनपो ठरलं. लहानसं बंदर, आमच्या तेजॉन शहराहून गाडीनं अडीच-तीन तास, आणि तिथे आम्हाला ओळखणारं कुणी नाही. क्यु-हानला सांगितलं तर त्याचा विनोद तयारच होता — "बरं चाललं होतं, मध्येच सामचनपोला वळलं." रस्ता चुकला, गप्पा भरकटल्या, की सगळे हेच म्हणतात. लॉजवालीशी बोलताना मी इतकी गडबडले होते की तीच म्हण माझ्याही तोंडून निघाली. ती शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे लोक रस्ता चुकून येत नाहीत. बुकिंग करून येतात." माफी मागितली. मग, खिडकीतून समुद्र दिसतो का, असं विचारलं. "दिसतो. जातोय कुठे तो."

निवांत सुट्टीचं वेळापत्रक केलं. सहा वाजता धक्क्यावर फेरी, साडेसातला नाश्ता, नऊला बेटावरची बोट, साडेअकराला... मग लक्षात आलं, की मी प्रत्येक ओळीपुढे त्याच वेळी टेकडीवर काय चाललेलं असेल ते मनात मांडते आहे. कागद फाडला. दुसरा केला. तोही तसाच झाला.

२६ जुलै, शनिवार

आईला सरळ का विचारलं नाही, हे एकदा नीट लिहून ठेवते.

विचारलं होतं. दोन वर्षांपूर्वी रानडुकरांनी थडग्याचा अर्धा उंचवटा उकरला, तेव्हा सणाच्या दिवशी क्यु-हाननं विषय काढला. आई मुळा चिरत होती. "मेलेल्या माणसाला कशाला उठवायचं?" एवढंच म्हणाली आणि उरलेला मुळा घेऊन अंगणात जाऊन बसली. पुन्हा बोलायची आमची छाती झाली नाही. त्यानंतर डुकरं दोनदा आली. गेल्या वर्षी तिथलं गवत काढताना क्यु-हानची कंबर धरली ती धरलीच. आणि आई शहात्तराव्या वर्षी दर पंधरा दिवसांनी विळा घेऊन एकटी वर जाते, गवत कापते, उरलेलं हातानं उपटते. गाव म्हणतं, अशी बायको मिळायला पुण्य लागतं.

बाबांना जाऊन चौदा वर्षं झाली. हेडमास्तर होते. चाकूनं पेन्सिलीला लांब टोक काढायला त्यांनीच मला शिकवलं, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. त्यांना मातीतून काढतील तेव्हा मी तिथे हवी होते, असं वाटतं. आणि तिथे नसेन याचं थोडं बरंही वाटतं. हे दुसरं वाक्य लिहायला बराच वेळ लागला.

मी आईला दुःखापासून वाचवते आहे, की तिचं रडणं बघण्यापासून स्वतःला?

३० जुलै, बुधवार

आईला फोन केला. ती सरळ नाही म्हणाली.

नऊ तारखेला माल्बोक! उन्हाळ्यातला कोंबडीच्या सूपचा शेवटचा दिवस! गावातल्या म्हाताऱ्यांच्या सभागृहात बत्तीस कोंबड्या शिजायच्या आहेत आणि मोठं पातेलं आईच्या ताब्यात आहे. मी महिनाभर कॅलेंडर चाळते आहे, अधिक महिन्याची बारीक अक्षरं बघते आहे, आणि त्याच चौकटीतला माल्बोक मला दिसला नाही. शेहेचाळीस वर्षांची बाई, याच मातीत वाढलेली!

"बत्तीस माणसांना उपाशी ठेवून मी समुद्र बघू? आणि या उन्हात मासेसुद्धा तळाशी जाऊन बसतात. तू कुठे निघालीस?"

दहनाची तारीख हलणार नाही. मग मी खोटं बोलले. म्हटलं, बरं वाटत नाहीये, डॉक्टर विश्रांती घ्या म्हणालेत, एकटीला जायचं नाही. आई म्हणाली, "हे आधी सांगायचं. कोंबड्या काय, शुक्रवारी शिजवून ठेवते. बाकीच्या गरम करतील."

एक खोटं लपवायला दुसरं, आणि दुसरं पहिल्याहून वाईट.

२ ऑगस्ट, शनिवार

आईचे सहा फोन. काय दुखतं? कुठल्या बाजूला? वजन उतरलं का? शेजारणीच्या भाचीला असंच झालं होतं आणि शेवटी काय निघालं ते तिनं मला सविस्तर सांगितलं. आता पोटात खरंच दुखतं आहे. बरोबरच आहे म्हणा.

५ ऑगस्ट, मंगळवार

क्यु-हानला म्हटलं, आईला सांगूया. अजून चार दिवस आहेत.

तो चिडला नाही, तेच वाईट. म्हणाला, पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी. तोवर माझी कंबर, तिचे गुडघे आणि रानडुकरं, यांतलं कोण थांबणार आहे? मी म्हटलं, पण हे चोरून करणं... तेव्हा म्हणाला, "खड्ड्याच्या काठावर मी उभा राहणार आहे, ताई. तू समुद्राच्या काठावर."

मी फोन ठेवला आणि बॅग भरायला काढली.

७ ऑगस्ट, गुरुवार

गावातलं कुणीतरी टेकडीवर माणसं बघणार. आईला फोन करणार. तिचा चार्जर घरीच राहील अशी काही सोय करता येईल का, याचा आज जेवताना मी विचार केला. आईचा चार्जर लपवायचा! बाबांनी शिकवलेल्या मुलीनं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

अर्धी रजा काढून आईला आणायला गेले. दारात शीतपेटी, दोन डबे किमची, सूपची कोंबडी. लॉजवर मिळतं सगळं, म्हटलं. "आजारी माणसानं बाहेरचं खायचं?" माझ्या कपाळाला हात लावून बघितला, मग मानेला. त्या हाताला लसणाचा वास होता. बत्तीस कोंबड्यांचा.

गावाबाहेरच्या वळणावर टेकडी येते. मी रस्त्याकडे बघत राहिले. तीही.

खोली बरी आहे. समुद्र दिसतो. लॉजवालीनं किमचीचे डबे बघितले आणि स्वतःच्या फ्रिजमध्ये जागा करून दिली. दोघींचं लगेच जमलं. मी आजारी आहे हे आईनं तिलाही सांगून टाकलं.

९ ऑगस्ट, शनिवार

साडेपाचलाच धक्क्यावर गेलो. आई पुढे, मी मागे. बायका चपट्या माशांचे तुकडे जाळीवर पसरत होत्या, मांजरं बसून वाट बघत होती. सहा वाजले. मी घड्याळ बघितलं. सहा-दहा. पुन्हा बघितलं. आईनं विचारलं, औषधाची वेळ झाली का?

ते ऐकलं आणि मला पुढे खोटं बोलता आलं नाही.

म्हटलं, आई, आत्ता या घडीला क्यु-हान टेकडीवर आहे. बाबांना हलवतो आहे. आम्ही दोघांनी ठरवलं. तुला दिसू नये म्हणून मी इथे आणलं.

ती जाळीवरच्या माशांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "किती माणसं लावलीत?"

"तीन."

"पुरतील." आणि मग, "म्हणजे तू आजारी नाहीस?"

"नाही."

तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मासेवाल्या बायकांनी वळून बघितलं. "दहा दिवस मला झोप नाही. पोरीला काय झालंय म्हणून देवाला, बुद्धाला, डॉक्टरला, सगळ्यांना विचारून झालं. अशा गोष्टीवरून खोटं बोलतात?" दुसरा धपाटा. मी शेहेचाळीस वर्षांची, भर धक्क्यावर रडत होते. ती नाही.

मग नाश्त्याला चल म्हणाली. दोन वाट्या भात खाल्ला, माझा अर्धा मासाही. बोटीत बसली. दुपारी क्यु-हानचा निरोप आला — झालं, हाडं पिवळी आणि कोरडी होती, म्हणजे जागा चांगली होती. आईला वाचून दाखवलं. "बरं," म्हणाली, आणि बर्फाचा गोळा घेऊया का असं विचारलं. मग पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात पाय सोडून बसली. मी दिवसभर तिचे डोळे बघत होते.

१० ऑगस्ट, रविवार

आई अजून रडली नाही. परत येताना गाडीत काहीतरी गुणगुणत होती. मला भीती वाटते. सगळं आत दाबते आहे ती — आणि हे मी केलं.

११ ऑगस्ट, सोमवार

क्यु-हानचा फोन. आईशी बोलला आज. तिला बरं वाटावं म्हणून त्यानं मलाही न सांगितलेली गोष्ट तिला सांगितली: अस्थिगृहात त्यानं जोडीचा कप्पा घेतला आहे, बाबांच्या शेजारची जागा तिच्यासाठी राखलेली आहे.

आई म्हणाली, ती परत कर. "पस्तीस वर्षं त्यांच्या शेजारी झोपले. पुरे झालं."

मग तिनं फोन ठेवता ठेवता बजावलं, "हे ताईला सांगू नकोस. तिचे बाबा होते ते."