केळशीच्या केतनची रुंदी

अहो,

नव्या मोठ्या स्क्रीनच्या कडेला पांढरी जागा वाया जाते म्हणून तुम्ही पान ताणून दाखवणारा ब्राउझर घातलात. त्यावर केळशीच्या केतनचा फोटो बघून, मुलगा अंगाने फार आडवा आहे म्हणत, तुम्ही निशिगंधासाठी आलेलं स्थळ नाकारलंत. आज मिरकरवाड्याला मासळी घेताना त्याच्या मावशीने त्याची ओळख करून दिली. सुक्या बोंबलासारखा आहे हो! पोरीला घेऊन मी मावशीकडे सारवासारव करायला चाललेय. बांगडे फ्रिजमध्ये आहेत. आम्ही येईपर्यंत तो ब्राउझर काढून टाका, कडा राहू देत मोकळ्या.

तुमचाही फोटो मी जुन्या आणि नव्या दोन्ही ब्राउझरमध्ये उघडून पाहिला. काही फरक दिसला नाही.

गुणवंती