हा कोट कोणाचा गं?

ती. मामांना,
(मामी, पत्र तुमच्या हातात पडलं तर आधी मामांना एकट्यांना वाचू द्या. त्यांना बसायला सांगा.)

साष्टांग नमस्कार. सुरुवातीलाच माफी मागते. शुद्धलेखनाकडे बघू नका. मी एका बोटाने टाइप करते, आणि ते बोटसुद्धा मध्येच थांबून विचार करत बसतं. एवढं लिहायला तीन दुपारी गेल्या. गिऱ्हाईक आलं की पत्र लपवायचं, त्याची हनुवटी वर-खाली करायची (खुणेनेच, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे), फोटो कापून द्यायचे आणि पत्र परत उघडायचं.

तुमचा गुडघा कसा आहे? मामी अजून जिना मोजत चढतात का? इकडे आईचा खोकला गेला. बाबा तुमचं नाव काढत नाहीत, तुम्हीही त्यांचं काढत नसाल, म्हणजे दोघांच्या तब्येती उत्तम असणार. आई मात्र तुमचा फोन आला की नळ सोडून हळू आवाजात बोलते आणि बाबा बाहेरून ओरडतात, "पाणी कशाला घालवतेस? बोल मोकळेपणाने, मी काही ऐकत नाहीये!" तुमच्या लग्नातल्या कोटावरून सहा वर्षं हे चाललंय. (तुम्ही सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालात की यांनीच लांबवला. बाबा म्हणाले, असला कोट मी मांजराच्या अंगावर घालणार नाही. मग आईने आम्हाला हात धुवायलाही न देता घरी आणलं.) तर त्या कोटाबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. मी फक्त माझ्या चित्राबद्दल लिहिणार आहे.

मी नववीत शाळा सोडली हे तुम्हाला माहीत आहे. तोंडी परीक्षेत मी तोंडच उघडायची नाही, मग बाईंनी तरी मार्क कशाला द्यायचे. तेव्हापासून फोटो स्टुडिओत आहे. मागचा निळा रंग काढून पांढरा करायचा, पुटकुळ्या पुसायच्या, मिटलेले डोळे उघडायचे. मधल्या वेळात मी कॉम्प्युटरवर चित्रं जोडते. मागच्या महिन्यात एक मोठं जोडलं. सरकारी कचेरीत असतो तसा लांबलचक बाक, आणि त्यावर पासपोर्ट फोटोसाठी नंबर धरून बसलेत एक दहा डोक्यांचा राक्षस, एक घोड्यावरून नुकताच उतरलेला राजा, एक आठ हातांची देवी, एक सेनापती (मांडीवर छोटी तोफ) आणि एक मंत्री, जो एकटाच रांग मोडून पुढे सरकतोय. चेहरे कोणाचेच नाहीत, एकाचं नाक, दुसऱ्याचे कान, तिसऱ्याच्या भुवया, म्हणजे कोणी भांडायला यायला नको. पण अंगात सगळ्यांच्या एकच कोट. कारण स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी एकच काळा कोट आहे, सगळ्यांचे फोटो त्यातलेच, आणि मला चेहरा बदलता येतो, कोट काढता येत नाही. राक्षसाची दहा डोकी एका कॉलरमध्ये बसवताना माझा आठवडा गेला. देवीला आठ बाह्या लावल्या तर ती कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी दिसायला लागली. तशीच ठेवली.

मालकांनी (माझ्या स्टुडिओचे, चांगले आहेत, फक्त स्वतःला कलाकार समजतात) ते चित्र मला न विचारता एका ऑनलाइन प्रदर्शनाला पाठवून दिलं. इतिहास, पुराण आणि राजकारण असा विषय होता. निवडलं की हो त्यांनी! प्रदर्शनवाल्या बाईंनी चित्राखाली लिहिलंय की, युगं बदलतात, गादीवरचा माणूस बदलतो, पण सत्तेचा कोट तोच राहतो, हे या तरुण चित्रकर्तीने निर्भीडपणे मांडलं आहे. मी वाचलं आणि मलाही पटलं.

मग उद्घाटन. तेही ऑनलाइन. पडद्यावर एक्केचाळीस चौकोन, प्रत्येकात एक विद्वान. मालक माझ्या शेजारी बसले, केस ओले करून, आणि शोभावं म्हणून अंगात तोच कोट घालून! बाई बोलता बोलता थांबल्या. "अहो, हाच ना तो? चित्रातला? खरा आहे? मुली, हा कोट कोणाचा गं?"

मामा, मी खाली चपलांकडे बघत बसले. एक मिनिट, दोन मिनिटं. शेवटी एका दाढीवाल्या चौकोनाने चष्मा काढला आणि म्हणाला, "व्वा. मौन. हेच उत्तर आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या टाळ्या मला बोलून कधी मिळाल्या नसत्या.

दुसऱ्या दिवशी नगरसेवक आले. मालक पांढरेफटक. नगरसेवकांनी चित्र मोठं करायला लावलं, एकेका तोंडावर बोट ठेवून विचारलं, "हा मी का? मग हा?" मालकांनी शपथेवर सांगितलं, साहेब, यात तुमचं एक रोमसुद्धा नाही. तर ते केवढे दुखावले! "एवढे सगळे चोर बसवलेत बाकावर, आणि मला जागा नाही? मी काय कमी केलं?" आता राक्षसाला अकरावं डोकं लावावं लागतंय.

आणि मग बाईंचा कागद आला. त्यांना खरा कोट प्रदर्शनात हवाय. चारी बाजूंनी फोटो काढून पडद्यावर गरागरा फिरवणार, आणि बघणाऱ्याने त्यात आपलं तोंड बसवून बघायचं. त्यासाठी कोटाच्या मालकाची सही हवी, वीस तारखेच्या आत, नाहीतर माझं चित्रही उतरवणार. मालकांनी लगेच पेन काढलं. म्हणाले, मालक म्हणजे मीच की.

तेव्हा मी ओरडले. "थांबा! तो मामाचा आहे!" खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने दचकून डोळे मिटले, फोटो परत काढावा लागला.

तर आता ते अक्षर लिहिते. तुमच्या लग्नाचे फोटो आमच्या मालकांनीच काढले होते. जेवायला बसताना तुम्हाला उकडलं आणि तुम्ही कोट त्यांच्या दिव्याच्या स्टँडवर टांगलात. सामान आवरताना त्यांनी मला विचारलं, "हा कोट कोणाचा गं?" मी अकरा वर्षांची. मी चपलांकडे बघितलं. ते म्हणाले, आपलाच असेल, आणि पिशवीत घातला. जेवणं उरकताच तुमचं नि बाबांचं जुंपलं तेव्हा मी खुर्च्यांच्या चळतीमागे होते. म्हटलं, उद्या सांगू. उद्या फोनवर आवाज आणखी चढले. मग कामाला लागले तर पहिल्याच दिवशी तो खिळ्यावर. आतल्या खिशावर शिंप्याने तुमचं नाव शिवलंय. मी रोज ते बघत होते, आणि रोज एक दिवस जास्त होत होता.

बाबांनी घेतला नाही, मामा. मी गप्प बसले. चोर म्हणायचं तर मला म्हणा.

मालकांनी सही केली असती तर कोट कागदावर त्यांचा झाला असता आणि बाबा जन्मभर चोर राहिले असते. तो कागद सोबत ठेवलाय. 'मालकाचे नाव' या ओळीवर सही करा. नाही केलीत तर चित्र उतरू दे, पण बाबांबद्दलचं तेवढं लक्षात ठेवा.

तुमची भाची

ता. क. सही टपालाने पाठवू नका. घेऊन या, आणि बाबांना हे तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ते म्हणतील, मी घेतला नाही हे मला माहीत होतंच. त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. आईला नळ बंद करायचाय.

ता. क. २. कोट समोरून अगदी नवा आहे. समोरूनच बघा. कुठल्याही मापाच्या माणसाला बसावा म्हणून मालकांनी तो पाठीवर वरपासून खालपर्यंत कापून चिमटे लावलेत. बाईंना हे कळलं तर त्या आणखी एक पान लिहितील.

ता. क. ३. बाबांनी गाडीचा परवाना दाखवला तर त्यावरचा फोटो बघू नका. तो आमच्याच स्टुडिओत काढलाय. अंगात काय आहे ते त्यांना माहीत नाही.

ता. क. ४. काल बाबांनी मिशी काढली. मुळीच ओळखू येत नाहीत. दार उघडेल तो माणूस बाबाच आहेत, तेव्हा आपण कोण असं विचारू नका.