आवाज सोसत नाही त्याहिले

४ फेब्रुवारी २०२५

वाशीमच्या कानाच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं, रोज लिहीत जा. कोणता आवाज झाला, किती वेळ, आणि कान किती दुखला ते दहापैकी. नवी जागा म्हणून आज नवी वही काढली. पहिल्याच पानावर शून्य लिहितोय. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

सकाळी उदयसिंगभाऊंनी मला मोटारसायकलवरून आणलं. त्यांची रोपांची नर्सरी किन्हीराजाच्या शिवारात आहे, रोडपासून बरीच आत. काम सोपं आहे. पिशव्यांत माती भरायची, बी टोचायचं, झारीनं पाणी घालायचं. सकाळी सात ते बारा, मग चार ते सहा. मोटर लांब विहिरीवर आहे, तिचा आवाज इथवर येत नाही.

राहायची सोय त्यांनीच लावली, नर्सरीला लागून मनकर्णाबाईंच्या घरी. बाई साठीच्या असतील. दाराची साखळी चिंधीनं गुंडाळलेली. छपराच्या टिनांवर कपाशीची वाळकी पऱ्हाटी आणि बारदानं पसरलेली, त्यामुळे कावळा बसला तरी कळत नाही. शेळीच्या गळ्यात घंटी नाही. कुकर नाही, भात पातेल्यात शिजतो. ताट ठेवताना खाली घडी घातलेली गोधडी असते. मी उभा राहून पाहतच राहिलो. माझ्यासाठी कोणी घर बांधायला घेतलं असतं तर असंच बांधलं असतं.

बाई अगदी हळू बोलतात. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, तिकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे झोपले हायेत. आवाज सोसत नाही त्याहिले." मी म्हटलं, मावशी, मलाही सोसत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

दुखणं : ०

६ फेब्रुवारी

मॅडमचे नियम पुन्हा लिहून ठेवतो, कारण इथल्या सुखात विसरायला होईल. कानात तेल नाही, काडी नाही, मनानं थेंब नाहीत. कापसाचे बोळे दिवसभर घालून बसायचं नाही, त्यानं कान आणखी हळवा होतो. कानावरचे बंद, म्हणजे आवाज अडवणारे ते हेडफोनसारखे, फक्त खऱ्या मोठ्या आवाजापुरते, ग्राइंडर, हॉर्न, फटाके. दुखायला लागलं की जबडा ढिला सोडायचा, कोरड्या कोमट फडक्यानं कानाखाली आणि मानेला शेकायचं, श्वास लांबवायचा. आणि मुख्य म्हणजे अगदी शांततेत राहायचं नाही. पंखा हळू चालू ठेवायचा, किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज, ऐकू येईल न येईल इतका. मग आठवड्याला थोडा थोडा वाढवायचा. कानाला पुन्हा शिकवायचं, घाई न करता. ताप आला, कान वाहिला किंवा एकदम ऐकू येईनासं झालं तर लगेच दवाखाना.

पण इथे कानाला इतकं गार वाटतं की दोन दिवस पंखा लावलाच नाही.

दुपारी मावशी ताट वाढून आत नेतात. अर्ध्या तासानं रिकामं ताट बाहेर येतं. काका जेवतात म्हणजे बरे असावेत.

मावशींनी विचारलं, पहिले कुठं कामाले होता. मी सांगितलं, वाशीमला इलेक्ट्रिकच्या दुकानात. हे खोटं आहे. का बोललो माहीत नाही. म्हणजे माहीत आहे.

दुखणं : ०. शेळी ओरडली तेव्हा १.

९ फेब्रुवारी, रविवार

हे मॅडमला दाखवायचं नाही. पान फाडून टाकीन.

आज नर्सरी बंद होती. चहा घेताना मी विचारलं, काकांना हे कशानं झालं. मावशी हळू आवाजात सांगत गेल्या.

काकांचं नाव इंद्रभान. शेलूबाजारला रोडवर त्यांचं शिलाईचं दुकान होतं. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ते तापातून उठले होते, डोकं हलकं होतं, तरी लग्नाचे कपडे द्यायचे म्हणून मशीनवर बसले. तेवढ्यात वरात आली आणि डीजेची गाडी बरोबर दुकानासमोर थांबली. तासभर हलली नाही. कपाटाची काच तडकली. काका बाहेर आले, गाडीवरच्या पोराला हात जोडले, म्हणाले, बापू, थोडा कमी कर. पोरगा हसला. त्यानं आवाज वाढवला.

त्या दिवसापासून काकांना कात्रीचा आवाजही सोसेना. मग दुकान मोडलं आणि दोघं मावशींच्या माहेरच्या या घरात आले.

मावशी सांगत होत्या आणि मला ते दिसत होतं. गळ्यात टेप अडकवलेला बारीक माणूस. बनियनवर. बोटात शिंप्याचं धातूचं अंगुस्तान होतं, म्हणून जोडलेल्या हातांवर ऊन चमकत होतं. मी गाडीवर उभा होतो. खाली पन्नास पोरं नाचत होती आणि सगळी माझ्याकडे पाहत होती.

मावशींनी विचारलं, आणखी भाकर घेतो काय. मी हो म्हटलं. दोन भाकरी खाल्ल्या, वर ठेचा मागून घेतला. त्यांच्या घरात बसून.

दुखणं : काही नाही. तेच तर.

११ फेब्रुवारी

सांगायचं ठरवून उठलो आणि सांगितलं नाही. त्याऐवजी मॅडमचे नियम मावशींना समजावले. म्हटलं, काकांनाही याचा गुण येईल. अगदी बारीक आवाजापासून सुरू करायचं, सोसेल इतकाच, रोज थोडा वाढवायचा, एक दिवसही गाळायचा नाही. माझे कानावरचे बंदही त्यांना दिले. दोन हजारांचे आहेत. देताना असं वाटलं की काहीतरी फेडतोय. नंतर माझीच किळस आली.

मावशींनी सगळं नीट ऐकलं. म्हणाल्या, "सांगते त्याहिले." बंद घेऊन आत गेल्या आणि दार लोटलं.

दुखणं : ०

१३ फेब्रुवारी

दुपारी दोनला खाटेवर पडलो होतो. मावशी शेतात होत्या. आतल्या खोलीतून आवाज आला. कात्रीचा. एकदाच.

डोळ्यांत पाणी आलं. काकांनी सराव सुरू केला.

दुखणं : १

१४ फेब्रुवारी

कात्री तीनदा. मध्ये बराच वेळ थांबून.

दुखणं : १. मी मोजत होतो, म्हणून जास्त वाटलं असेल.

१६ फेब्रुवारी

आज कात्री सलग चालली, जाड कापड कापताना चालते तशी. माझ्या बाजूच्या भिंतीला लागून. टोचल्यासारखं दुखलं, पार दाढेपर्यंत. जबडा ढिला सोडला, फडक्यानं शेकलं. तासाभरानं उतरलं. तक्रार करायचा प्रश्नच नाही. मी कोणत्या तोंडानं म्हणू, काका, थोडं हळू?

दुखणं : ४

१७ फेब्रुवारी

कात्री. मग शिलाई मशीनचं पायडल. पहिल्यांदा अडखळत, मग सरळ टीप घातल्यासारखं.

मावशी आल्यावर म्हटलं, काका मशीनवर बसायला लागले, छान झालं. त्या हातातला विळा खाली ठेवायच्या थांबल्या. म्हणाल्या, मशीन तर शेलूबाजारलेच इकली. मग विचारलं, "तुले ऐकू येऊन राह्यलं काय?" मी म्हटलं, हो. त्यांनी विळा गोधडीवर ठेवला आणि शेळीला पाणी दाखवायला गेल्या.

दुखणं : ५

१८ फेब्रुवारी

नर्सरीत माझ्यासोबत ग्यानबा म्हणून म्हातारा माणूस पिशव्या भरतो. त्याला विचारलं, इंद्रभान काकांना डॉक्टर कोणते आहेत.

तो माती भरत होता, तसाच भरत राहिला. म्हणाला, "इंद्रभान जाऊन दीड वरीस झालं, बापू. बाई म्हणते हे झोपले हायेत, तर आमी होय म्हणतो. आमचं काय जाते?" गावातले लोक तिच्या घरापुढून जाताना आवाज करत नाहीत, बैलांच्या घुंगरमाळाही काढून घेतात, असं तो सांगत होता. शेवटी शेवटी इंद्रभानला स्वतःचा श्वाससुद्धा सोसत नव्हता. तो धरून धरून घ्यायचा. एके दिवशी धरला तो धरलाच.

मी अर्धी भरलेली पिशवी हातात घेऊन बसून राहिलो.

दुपारी घरी आलो. मावशी ताट घेऊन आत गेल्या. रिकामं घेऊन बाहेर आल्या.

१९ फेब्रुवारी

निघून जावं हे बरं. उदयसिंगभाऊंनी कारण विचारलं तर काय सांगू? भुताला भिऊन चाललो असं सांगता येईल. माझ्यामुळे एक माणूस मेला म्हणून चाललो, हे नाही सांगता येत. आणि एक सांगितलं की दुसरं येणारच. बॅग भरली. पुन्हा सोडली.

मॅडमचं ऐकलं आणि पंखा लावला, एकवर. खरंच फरक पडला. पंख्याच्या घरघरीत कात्री बुडाली. दोन तास बरा होतो.

मग लाइन गेली. कात्री उशाशी होती.

दुखणं : ७

२० फेब्रुवारी

कापूस घातला. घालू नये, माहीत आहे. कापसाच्या आत ऐकू आलं. बाहेर नव्हतंच ते. काढला.

मशीन, कात्री, वर लोखंडी इस्त्री आपटल्यासारखं. रोज थोडं जास्त. फार नाही. सोसेल इतकंच, आणि आदल्या दिवसापेक्षा थोडं वर. एक दिवसही गाळत नाहीत.

हे मीच शिकवलं —

२१ फेब्रुवारी

वाशीमला फोन केला. मॅडमनी विचारलं, कसला आवाज. मी म्हटलं, मशीनचा. त्या म्हणाल्या, त्या जागेवरून उठा, मोकळ्यावर बसा, उद्या दाखवायला या, एकटे राहू नका. चांगल्या बोलल्या. मी हो हो म्हटलं. त्यांनाही खोटंच सांगितलं, पूर्ण नाही सांगितलं.

अंगणात बसलो. तिथंही.

दुखणं : ८

२२ फेब्रुवारी

आज डीजे.

आतल्या खोलीतून. माझाच. ज्या ठोक्यावर मी वरात नाचायला उठवायचो तो, त्याच्यामागून येणारी माझीच शिट्टी. जमीन हादरत होती — माझ्यापुरती हादरत होती. मावशी समोर बसून तुरीची डाळ निवडत होत्या. सुपातला एक दाणा हलला नाही. शेळी रवंथ करत होती.

मी कान धरून मातीत पडलो. मावशी उठल्या, फडकं कोमट करून आणलं, माझ्या मानेला लावलं. आईसारखा हात. मला तो नको होता. म्हणावंसं वाटलं, नका, मला हात लावू नका, तुम्हाला माहीत नाही मी —

नाही म्हटलं. शेकू दिलं.

दुखणं : लिहून काय

२३ फेब्रुवारी, सकाळ

सांगितलं.

चुलीपाशी. एका दमात. गाडीवरचा पोरगा मी होतो.

त्यांनी भाकरी उलटली. म्हणाल्या, "मले मालूम हाय. तू मोटारसायकलीवरून उतरला तवाच वळखलं म्या. त्या रोजी दुकानाच्या दारात मी बी होती."

मग मला घरात का घेतलं, मी विचारलं.

"म्या कुठं घेतलं? मी तर नाई म्हनून राह्यली होती. याहिनंच सांगतलं, येऊ दे त्याले."

मी पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. रागानं नाही. म्हणाल्या, "मले नको सांगू. आयकलं तं त्याहिनं आयकलं होतं. त्याहिलेच सांग. लय दिवसाची वाट पाहून राह्यले."

दार उघडून दिलं त्यांनी. मी गेलो नाही. नर्सरीत पळालो.

२३, दुपार

परत आलो. ठोका नर्सरीपर्यंत आला होता. रविवार असूनही रोपांना पाणी घालायला आलेला ग्यानबा विचारत होता, काय झालं, काय झालं, त्याचे ओठ फक्त दिसत होते.

आत बसलोय. एक खाट, तिच्यावर धुतलेली चादर. फोटो, हार. खिडकीला बारदान. कोणी नाही. उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि सगळं थांबलं. इतकं थांबलं की पेन कागदावर चालताना ऐकू येतंय.

तोंडानं नाही सांगणार. त्यांना सोसणार नाही. लिहून ठेवतो.

काका, मी विनोद. तुम्ही हात जोडले तेव्हा मला ऐकू आलं होतं. लोकांना वाटतं गाडीवरच्याला ऐकू येत नाही. येतं. ओठावरून कळतं. तुम्ही बापू म्हणालात. माझ्या बापाच्या वयाचा माणूस मला हात जोडतोय, याची मला लाज वाटली. खाली पोरं पाहत होती. लाज दिसू नये म्हणून हसलो. हसलो ते निभावायला बटण फिरवलं. एवढंच. दुसरं काही कारण नाही. मी खूप शोधलं, काका, दुसरं काहीच —

खाटेची दोरी कुरकुरली.

मी वर पाहत नाही.

चादरीवर बसल्यावर पडते तशी घडी पडली आहे. श्वास. धरून धरून घेतलेला. काका, घ्या. नीट घ्या, मोठा घ्या. माझ्या कानाचं काही नाही, तुम्ही —

वही कोणीतरी हळूच ओढ