उत्तरेची भिंत उघडली तेव्हा

एम्बॅरस, मिनेसोटा
३ ऑक्टोबर

लेम्पी,

मी बरा आहे, गुडघा बरा नाही, बटाटे मात्र यंदा बक्कळ झालेत. डुलुथला तू आणि आई मजेत असाल. दोन वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आताच कसा उमाळा आला, असं म्हणशील. म्हण, मी ऐकून घेतो.

बातमी अशी की घराच्या ओंडक्यांवर बाहेरून मारलेल्या फळ्या काढल्या. सगळ्या! हो, ज्या माणसाने अंगणात उभं राहून तुला सुनावलं होतं की फिनिश हातांनी रचलेल्या ओंडक्यांना गोधडी लागत नाही, त्याच माणसाने. फळ्या पार कुजल्या होत्या, बदलणं भागच होतं. शेजारचा ऑर्विल म्हणाला, "रैनो, भिंत उघडलीच आहेस तर थंडी अडवायला चार इंच फोम घाल की लेका. नाहीतर जन्मभर अंगणच तापवत बसशील." आता नॉर्वेजियन माणसाकडून अक्कल घ्यायची म्हणजे! पण घेतली.

बाबांचा खेळ आठवतो ना? पाहुणे आले की त्यांना ओसरीवर न्यायचं, खिशातला चाकू काढायचा आणि दोन ओंडक्यांच्या मधे पातं घालून दाखवायचं. पातं जात नसे. "आमच्या घरात वारासुद्धा विचारून येतो," असं म्हणून मिशीतल्या मिशीत हसायचे. बाकी घरावर फळ्या मारल्या, पण ओसरीचा तेवढा कोपरा त्यांनी मुद्दाम उघडा ठेवला होता.

तर उत्तरेची भिंत उघडली आणि ऑर्विल फिस्सकन हसला. अगं, फटी! चाकू कसला, माझं बोट आत गेलं. आणि फटीफटीत काय काय कोंबलेलं! फिनिश वर्तमानपत्रं, पोत्याचे तुकडे, आणि तुझे ते निळे लोकरी मोजे, ज्यांच्यापायी तू मला आठवडाभर चोर म्हणत होतीस. म्हणजे बाबांना सगळं ठाऊक होतं! गुपचूप मोजे कोंबायचे, वरून फळ्या मारायच्या आणि ओसरीवर चाकू मिरवायचा. मी शिडीवर इतका हसलो की ऑर्विलला खालून शिडी धरावी लागली.

मग एकदम हसू थांबलं. कारण आतल्या फटी झाकायची बाबांचीच खोड माझ्याही अंगात आहे.

फळ्यांच्या गप्पा पुरे, खरं सांगायचंय ते सांगतो. तू आईला घेऊन गेलीस त्या सकाळी तिच्या उशाशी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी गोठलं होतं. तू उठायच्या आत मी तो चुलीपाशी नेला, वितळवला आणि जागच्या जागी आणून ठेवला. नंतर तू म्हणालीस, "दादा, या खोलीत आई मरेल." मी म्हणालो, "म्हातारपणी सगळ्यांनाच थंडी वाजते." आई माझ्याकडे बघत होती. तिने गोठलेला पेला पाहिला होता, पण तिने मला उघडं पाडलं नाही. तू खरं बोलत होतीस, लेम्पी. मी खोटं बोललो, आणि वर तुलाच भांडखोर ठरवलं. मला फार लाज वाटते.

आता फोम बसला, नव्या फळ्या बसल्या, रंगही झाला. आईच्या खोलीची खिडकी बाहेर सरकवली, त्यामुळे आतला कट्टा इतका रुंद झालाय की कॉफीचा कप, बशी आणि वर पुल्लाचा, आपल्या त्या वेलदोड्याच्या गोड पावाचा, जाड कापसुद्धा मावतो. काल बाहेर डबक्यावर बर्फ धरलं होतं आणि मी तिच्या खोलीत नुसत्या बनियनवर बसलो होतो. ऑर्विलने खिडकीतून पाहिलं आणि सगळ्या गावाला सांगितलं.

आईने परत यावं असं मला फार वाटतं. तुझ्याकडे रमली असेल तर तिला आग्रह करू नकोस. पण हे पत्र तिला वाचून दाखव. पेल्याचा भाग गाळू नकोस. मोठ्याने वाच, तिला कमी ऐकू येतं. परत यायला ती 'नको' म्हणाली तरी मला कळव.

तुम्हा दोघींची क्षमा मागणारा,
रैनो