अस्तर, अत्तर आणि माझं डोकं

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं ठीक. तुझा गुडघा अजून कुरकुरतो का? शेकत जा.

तर झालं असं, की गेलं वर्षभर तुझ्या भावजयीनं माझ्या डोक्याची आशाच सोडली होती. सांगितलेलं काही माझ्या लक्षात राहीना. (तिनं सांगितलंच नव्हतं, हे माझं म्हणणं. भांडायला तेवढं पुरायचं.) मग एक वकीलसाहेब दुकानात कोट टाकून गेले. कोटाला अस्तर लावा म्हणाले; मी इमानेइतबारे अत्तर लावलं, अर्धी बाटली. न्यायला आले तेव्हा ते तीनदा शिंकले आणि कोट न घेताच गेले. ही मात्र हसली नाही. घाबरली. डिमेन्शियाचं नाव घरात कुणी काढत नव्हतं, पण दोघांच्याही मनात तेच होतं.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांनी पाच शब्द सांगितले, थोड्या वेळानं परत म्हणा म्हणाल्या. मी छाती काढून ‘जुलाब, मिरची...’ सुरू केलं. बाईंनी गुलाब नि खुर्ची सांगितली होती! मग त्यांनी वेगळे पाच शब्द लिहून दाखवले. ते बिनचूक म्हटले. “आजोबा, स्मरण शाबूत आहे. कान गेलेत.” (चाळीस वर्षं शिलाई मशीनच्या खडखडाटात काढली, जायचेच.) पण ऐकू येईनासं झालं की माणूस चौघांत मिसळत नाही, डोकं रिकामं बसतं आणि पुढे विसरण्याचा धोका वाढतो, म्हणाल्या. रक्तदाब आवरा, रोज चाला, काहीतरी नवं शिका. (पेटी शिकतोय. शेजारी घर बदलताहेत.)

आणि ताई, कानात यंत्र घातलं त्या क्षणाचं काय सांगू! कात्री कापडातून जाताना आवाज करते. कागद घडी घालताना बोलतो. आणि ही गुणगुणते गं! काजं करताना, दिवसभर, अगदी सुरात. दहा वर्षं मी तिला अबोल समजत होतो. हातातलं काम टाकून मी नुसता ऐकत बसलो. “काय झालं?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “थांबू नकोस, गुणगुणत राहा.”

तुझा,
धाकटा

ता. क. परवाचा तुझा फोन मी पहिल्यांदाच नीट ऐकला. कठडा रंगवल्याची गोष्ट तू तीनदा सांगितलीस, तिन्ही वेळा नव्या उत्साहानं. मंगळवारी न्यायला येतो. बाईंची वेळ घेतलीय. नाही म्हणू नकोस, मी शेजारीच बसेन.

ता. क. २ पत्र पोचल्याचं फोनवर कळव. दुसऱ्या दिवशी पुन्हा कळवलंस तरी चालेल. मी पुन्हा पहिल्यांदाच ऐकेन.